उजवी बाही

ही गोष्ट खरी आहे.

या पानावर सगळेच असं म्हणतात, मला माहीत आहे. कुणाच्या काकांना वळणावर बाई दिसलेली असते, कुणाच्या मामांच्या मागे पावलं वाजलेली असतात. मी वाचतो आणि हसतो. तुम्हीही मला खुशाल हसा.

माझ्या गोष्टीत बाई नाही. ओसाड बंगला नाही. रात्रसुद्धा नाही.

दुपारचे अडीच वाजले होते. डोळे दिपतील असं ऊन होतं. जागा म्हणजे माझी पत्र्याची शेड. इथे मी गेली बावीस वर्षं ट्रकची इंजिनं उघडतोय आणि मिटतोय. शेडच्या मागे अंगण, अंगणापलीकडे माझ्या ताईचं घर. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी काय करतोय ते सगळं दिसतं. ताई हे पान रोज वाचते. दुपारची भांडी आवरली की चष्मा लावते आणि फोन घेऊन बसते. भुताची एक तरी गोष्ट वाचल्याशिवाय तिला डुलकी लागत नाही.

म्हणूनच इथे लिहितोय.

अठरा वर्षांपूर्वीचं आहे हे. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात फोन नसायचा.

माझे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, ट्रक चालवायचे. स्वतःचा, जुना, तीन मालकांच्या हाताखालून गेलेला. आमची आई लवकर गेली. ताईनेच मला वाढवलं आणि लग्न झाल्यावर मलाही बरोबर सासरी घेऊन आली. दाजींनी हूं की चूं केलं नाही. उलट घरामागची जागा मोकळी केली, वर पत्रे टाकून दिले आणि म्हणाले, "घे मिस्त्री, थाट दुकान."

मला ते मिस्त्रीच म्हणायचे. ताईला चिडवायचे, "तुझा भाऊ कलाकार आहे. गाडीतला एक बिघाड काढतो आणि आपली आठवण म्हणून दुसरा ठेवून देतो."

ताई हसायची. मीही हसायचो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मिळून त्यांची गाडी बघायचो. एक जण गाडीखाली, एक केबिनमध्ये. इंजिन चालू असलं की कितीही बोंबला, ऐकू येत नाही. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. खालच्याने चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, पाना ठोकायचा. एक ठोका म्हणजे सुरू कर. दोन म्हणजे बंद कर.

तीन म्हणजे... इकडे ये, हात दे.

या खुणा आम्हा दोघांनाच माहीत होत्या. ताईलाही नाही. एवढं लक्षात ठेवा.

एका सकाळी दाजी रिकामी गाडी घेऊन खडी भरायला निघाले. संध्याकाळपर्यंत परत येणार होते. निघताना त्यांनी शेडमध्ये डोकावून विचारलं, "मिस्त्री, सगळं ठीक?"

"एकदम ओके, दाजी."

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी सापडली. खाणींकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, कडेला नीट लावलेली. दार बंद. किल्ली आत. सीटवर जेवणाचा डबा, झाकणसुद्धा न उघडलेला. फक्त पाण्याचा कॅन नव्हता.

आणि दाजी नव्हते.

चौकीवरच्या हवालदाराने तिथेच गाडीला सेल्फ मारून पाहिला. पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्याने अर्धा मिनिट चालवली, बंद केली आणि कागदावर लिहिलं, गाडी चालू स्थितीत. मग लोकांच्या जिभांना हाड राहिलं नाही. गाडी चांगली आहे म्हणजे माणूस स्वतः उतरून गेला. कुणीतरी असेल दुसरीकडे. पुरुषांचं काय सांगता येतं.

पाचव्या दिवशी, तपास होईपर्यंत चालवायची नाही म्हणून, गाडी ओढून माझ्या शेडमध्ये आणली. सोबत हवालदार होता. तो माणूस वाईट नव्हता. ताईला म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ मिस्त्री आहे. त्यालाच बघू द्या. गाडीत बिघाड निघाला, तर ते मदत आणायला पायी गेले असणार. मग मी उद्याच माणसं लावून एकूण एक खाण धुंडाळतो. पण बिघाड नसेल तर..."



तो गेल्यावर ताई माझ्याजवळ आली. पाच दिवसांत तिचे गाल बसले होते. तरी ती रोज दाजींचं ताट वाढून ठेवत होती, झाकून.

"मला बाकी काही नको," ती म्हणाली. "तू एवढंच सांग. गाडी बंद पडली, की त्यांनी बंद केली?"

मी सेल्फ मारला. लगेच सुरू झाली. इंजिनाचा आवाज गोल, ठोक्याला ठोका लागलेला. मी घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन. तीन...

साडेतीन मिनिटांनी इंजिन अडखळलं. दोन आचके दिले आणि बंद पडलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बिघाड होता. दाजी तिला टाकून गेले नव्हते. धावत जाऊन ताईला सांगावंसं वाटलं. पण मिस्त्रीची खोड वाईट असते. काय बिघडलंय ते हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पुन्हा सेल्फ मारला. सुरू. साडेतीन मिनिटं. बंद.

असं झालं की एका वेळी एकच गोष्ट बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी सुरू होते, पण काय झालं होतं ते कधीच कळत नाही. आधी स्टॉप वायर सोडवली, ती अडकून इंजिन बंद करत असेल म्हणून. तरी बंद. डिझेलचा फिल्टर बदलला. तरी बंद. मग डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली एअर काढायला गेलो आणि थबकलो.

एअर काढायचा नट आधीच कुणीतरी खोलून पुन्हा आवळलेला होता. त्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. खाली डिझेल ओघळून त्यावर धूळ बसली होती.

दाजींच्या मागच्या खिशात नेहमी एक लहान पाना असायचा. त्याच नटाचा.

म्हणजे त्या ओसाड रस्त्यावर, भर उन्हात, ते वाकून एकट्याने एअर काढत बसले होते. गाडी सुरू झाली असेल. साडेतीन मिनिटांनी पुन्हा बंद पडली असेल. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, पाण्याचा कॅन उचलला आणि चालायला लागले.

मी टाकीची नळी काढली. कॅनमध्ये डिझेल भरून तो उंच टांगला आणि तिथून इंजिनाला नळी जोडली. गाडी तासभर चालली. हूं नाही की चूं नाही.

म्हणजे दोष टाकीत होता.

संध्याकाळ झाली होती. टाकी दुसऱ्या दिवशी उतरवली. डिझेल चाळणीतून गाळलं. शेवटचा लोट आला आणि त्याबरोबर चाळणीवर काहीतरी पडलं. मऊ. पिळवटलेलं.

चिंधीचा बोळा.

टाकीत चिंधी पडली की असंच होतं. टाकी भरलेली असेपर्यंत ती लांबच असते; डिझेल उतरलं की गाडी सुरू केल्यावर तरंगत तरंगत नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. डिझेल अडतं, इंजिन मरतं. इंजिन मेलं की ओढ संपते, चिंधी सुटते. पुन्हा सेल्फ मारला की गाडी शहाण्यासारखी सुरू होते. भल्याभल्यांना चकवते.

मी बोळा उलगडला.

शर्टाची बाही होती. निळ्या चौकड्यांची. उजवी. मनगटापाशी वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेलं भोक. आणि बटण... लाल दोऱ्याने लावलेलं.

ते बटण ताईने लावलं होतं. निळा दोरा संपला होता म्हणून लाल. शर्ट माझा होता.



दाजी निघायच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या टाकीच्या झाकणाचं कुलूप नीट करत होतो. झाकण हातात घेतलं की टाकीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचा, कचरा जाऊ नये म्हणून. सगळेच मिस्त्री कोंबतात. फाटक्या शर्टाची बाही टरकावली आणि कोंबली. कुलूप झाल्यावर बघतो तर बोळा नाही. वाटलं, वाऱ्याने उडाला असेल. पडला असेल इथेच कुठेतरी. झाकण लावलं आणि जेवायला गेलो.

टाकीत बॅटरी मारून बघायला एक मिनिट लागलं असतं. मला भूक लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, ताईला सांगायचं होतंस. हवालदाराला सांगायचं होतंस.

मलाही अठरा वर्षं हेच वाटतंय.

पण तेव्हा माझी जीभच वळेना. ज्या बाईने मला भरवून मोठं केलं, तिचा नवरा मी माझ्या हाताने त्या उन्हात उतरवून दिला होता. आणखी एक विचार मनात आला. घाणेरडा आहे, पण लिहितो. सहा दिवस झालेत, इतक्या उन्हात माणूस कुठला जगतोय. शोधून फक्त मढंच सापडणार. मग माझंही वाटोळं कशाला?

मी बाही जाळली. टाकी धुतली, बसवली. एअरच्या नटावरची धूळ आणि त्या ताज्या खुणा चांगल्या घासून पुसल्या.

मग ताईला हाक मारली.

अडीच वाजले होते. गाडी सुरू केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. ताई इंजिनाकडे टक लावून बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"काही बिघाड नाही, ताई," मी म्हणालो.

"नीट बघितलंस?"

"सगळं बघितलं."

"म्हणजे त्यांनीच बंद केली."

मी मान हलवली. नुसती मान.

आणि तेवढ्यात... गाडीखालून...

ठक. ठक.

दोन.

मी वाकून पाहिलं. खाली तेलाचे डाग आणि माती. कुणी नव्हतं. ताईला काही ऐकू आलं नव्हतं. ती वळून घराकडे चालली होती. त्या दिवशी तिने दाजींचं ताट वाढलं नाही.

हवालदाराने शोध थांबवला.

सातव्या दिवशी दुपारी मी सहज गाडी सुरू केली. खरं तर सहज नाही. मनाची खात्री करायची होती.

एक मिनिट. दोन. तीन...

साडेतीन मिनिटांनी बंद पडली.

टाकीत बॅटरी मारली. तळाशी काहीतरी हलत होतं. तारेचा आकडा घालून ओढून काढलं.

बाही. निळ्या चौकड्यांची. उजवी. तेच भोक, तोच लाल दोरा.

जिची राख मी स्वतः पायाने पसरली होती.

ही जाळायची हिंमत झाली नाही. कोपऱ्यात ग्रीसचा रिकामा ड्रम होता, त्यात टाकली आणि झाकण आवळलं. झाकणाला कुलूप घातलं, टाकीलाही. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला.

आठव्या दिवशी दुपारी अडीचला पुन्हा सुरू केली. तुम्ही विचाराल, का? दुखऱ्या दाताला जीभ लागते ना, तसं. साडेतीन मिनिटं, बंद. टाकीचं कुलूप जसंच्या तसं. आत बाही. उजवी.

नववा दिवस. बाही.

एका शर्टाला उजवी बाही एकच असते हो. माझ्या ड्रममध्ये तीन झाल्या होत्या.

दहाव्या दिवशी पंपवाले काका आले. इंजिनातला डिझेल पंप खोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कानाने इंजिन ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनावर, मूठ कानाला. आतली सुई पडली तरी कळायची त्यांना. मी त्यांना बाहीचं काही सांगितलं नाही. गाडी बंद पडते, एवढंच सांगितलं.

मी सेल्फ मारला. काकांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले.

"हा पंपाचा आवाज नाही," ते म्हणाले. "ऐक."

मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. इंजिनाची घरघर होती. आणि त्या घरघरीच्या खाली, खूप खाली, खूप लांब...

ठक. ठक. ठक.

मग गप्प. मग पुन्हा...

ठक. ठक. ठक.

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. हा तसा नव्हता. हे लोखंड दगडावर पडत होतं.

इंजिन बंद पडलं. काकांनी पिशवी आवरायला घेतली.

"काका, काय आहे हे?"

"मला काय विचारतोस? कुणीतरी बोलावतंय. मला नाही, तुला. ज्याला खूण कळते, त्यालाच बोलावतात." दारात थांबून ते म्हणाले, "जा बाबा. जिथून येतंय तिथे जा."

मी गेलो नाही.

भीती वाटली हे खरं आहे. पण भुताची वाटली की माणसाची, ते आज सांगता येत नाही. तिथे जाऊन दाजी सापडले तर पहिला प्रश्न हाच येणार होता, तुला कसं कळलं?

मग रोज तेच. अडीच वाजले की माझे पाय आपोआप गाडीकडे. सेल्फ मारायचा, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा. तीन ठोके. अकराव्या दिवशी, बाराव्या, तेराव्या. गाडी बंद पडायची. मी आकड्याने बाही काढायचो आणि ड्रममध्ये टाकायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई उभी असायची, पण ती इकडे बघायची नाही. तिने दाजींचे कपडे देऊन टाकले होते. एकदा शेजारणीला म्हणताना ऐकलं, "मेले असते तर निदान रडता तरी आलं असतं."

चौदाव्या दिवसापासून ठोके हळू झाले.

ठक.

...ठक.

......ठक.

पंधराव्या दिवशी तिसऱ्या ठोक्याची मी कितीतरी वेळ वाट बघितली. इंजिन बंद पडता पडता तो आला.

सोळाव्या दिवशी दोनच आले. दोन म्हणजे बंद कर. पण मला माहीत होतं, त्यांना तीनच मारायचे होते.

सतराव्या दिवशी एक आला. अगदी हलका. गाडी बंद पडली, टाकीत बाही होती. ड्रममध्ये अकरा झाल्या.

अठराव्या दिवशी अडीच वाजता मी सेल्फ मारला. साडेतीन मिनिटं झाली. चार झाली. दहा. अर्धा तास गाडी चालत राहिली. स्क्रूड्रायव्हरमधून फक्त इंजिन ऐकू येत होतं, गोल आणि स्वच्छ. टाकीत काही नव्हतं.

मी हसलो. हो, हसलो. शेडमध्ये एकटाच उभा राहून हसलो. वाटलं, सुटलो बुवा. जे काय होतं ते गेलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि मढ्यासारखा झोपलो.

सात महिन्यांनी नव्या मुकादमाने एक जुनी, सोडून दिलेली खाण पुन्हा सुरू करायला घेतली. खाली माणसं उतरवली. दाजी तिथे होते.

गाडीपासून फार लांब नाही. पायवाटेने वस्तीकडे निघाले असतील. कडा ढासळला असेल. खाली एका कपारीत पडले होते. पाय मोडलेला. हाताशी साचलेलं पाणी होतं, म्हणून टिकले. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस जिवंत असणार.

किती दिवस, ते डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. कपारीच्या भिंतीवर दाजींनी पान्याने रेघा ओढल्या होत्या. रोजची एक.

सतरा.

पाना त्यांच्या मुठीतच होता. दगडावर ठोकून ठोकून त्याचं तोंड चपटं झालेलं. हवालदाराने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गाडीत बिघाड नव्हता ना हो?"

सहाव्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर सातव्या दिवशी माणसं खाणीत उतरली असती. पुढचे अकरा दिवस दाजी मला बोलावत होते. तुम्ही भुताची गोष्ट वाचायला आलात. पण ते ठोके वाजत होते तेव्हा तर ते जिवंत होते. मग त्या बाह्या टाकीत कोण टाकत होतं, मला माहीत नाही. कधीच कळलं नाही.

ताईने मला एकदाच विचारलं. "मग गाडी तिथे थांबली कशी रे?"

"जुनी गाडी, ताई. होतं असं कधीकधी."

तिने विश्वास ठेवला. माझ्यावर नेहमीच ठेवते. पण स्वतःला काही तिने माफ केलं नाही. सात महिने मी त्यांना शिव्या दिल्या, म्हणते. त्यांचं ताट बंद केलं, कपडे वाटून टाकले, ते तिकडे माझी वाट बघत होते आणि मी इकडे ते मेले असते तर बरं म्हटलं. अठरा वर्षं ती दाजींच्या फोटोपुढे उभी राहून माफी मागते. माझी खोली तिच्याच घरात आहे, मधली भिंत पातळ आहे. मला सगळं ऐकू येतं.

गाडी तिने विकू दिली नाही. शेडच्या कोपऱ्यात उभी आहे. महिन्यातून एकदा मी सुरू करून बघतो. अठरा वर्षांत एकदाही बंद पडली नाही.

काल दुपारपर्यंत.

काल ताईच म्हणाली, "आता दे भंगारात. मला बघवत नाही." भंगारवाला यायच्या आधी एकदा सुरू करावी म्हणून मी सेल्फ मारला. घड्याळाकडे लक्ष नव्हतं. नंतर गेलं. अडीच वाजले होते.

एक मिनिट. दोन. तीन...

साडेतीन मिनिटांनी दोन आचके देऊन इंजिन मेलं.

मी आकडा घेतला. हात घालायच्या आधीच माहीत होतं काय येणार. निळ्या चौकड्या, भोक, लाल दोरा. बारावी.

ती मी ड्रममध्ये टाकली नाही. रात्रभर उशाशी होती. आज सकाळी पिळली आणि अंगणात ताईच्या दोरीवर वाळत घातली. तिच्या साड्यांच्या शेजारी. तोंडाने सांगायला जमत नाही मला. अठरा वर्षांत जमलं नाही, आज कुठून जमणार? म्हणून हे लिहितोय. ती वाचेल.

ताई, तू मला एकच गोष्ट विचारली होतीस.

गाडी बंद पडली होती. त्यांनी बंद केली नव्हती. तुला टाकून ते कुठेही गेले नव्हते. बाही माझी होती.

शेडच्या खिडकीतून तू आत्ता अंगणात आलेली दिसते आहेस. फोन तुझ्या हातात नाही, आणि माझंही हे अजून लिहून झालेलं नाही. दोरीपाशी थांबली आहेस. बाही हातात घेतलीस. बटण बघते आहेस. लाल दोरा तुला आठवतोय.

तू शेडकडे बघते आहेस.

मी गाडीपाशी बसलोय. इंजिन बंद आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. एक ठोका आला तर सांगायला सुरुवात करीन. दोन आले तर गप्प बसेन. दाजी, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो.

तुझ्या चपला वाजतायत, ताई. जवळ येतायत.

आतून काहीच येत नाही.